वाद्यांशिवाय गाणं कसं बांधायचं : ब्यॉर्कच्या ‘मेडुला’कडून शिकण्यासारखं बरंच काही

आइसलँडची गायिका ब्यॉर्क हिचा ‘मेडुला’ हा अल्बम ऑगस्ट २००४ मध्ये आला. चौदा गाणी, साधारण पाऊण तासाचं संगीत, आणि जवळजवळ सगळंच माणसांच्या गळ्यातून, ओठांतून, छातीतून आलेलं. ठेका तोंडाचा, खर्ज गळ्याचा, मागचा भरणाही गायकवृंदाचा. कॉम्प्युटरवर कापलेले, ताणलेले, उलटे फिरवलेले आवाज त्यात भरपूर आहेत, पण तो कच्चा मालही बहुतेक माणसाचाच. पुढच्या वर्षीच्या ग्रॅमीसाठी त्याला दोन नामांकनं मिळाली. इतका विचित्र अल्बम पॉप म्हणून विकला गेला आणि ऐकला गेला, हे मला आजही मोठं वाटतं.

असं एखादं गाणं आपल्या घरी, एक मायक आणि एक लॅपटॉप एवढ्यावर कसं बांधता येईल, ते या लेखात पायरीपायरीने सांगतो आहे. गाता येत असेल तर उत्तमच. नसेल तरी चालेल, कारण अशा गाण्यात सुरेल गळ्याइतकंच काम खोकणाऱ्या, कुजबुजणाऱ्या, दम लागलेल्या आवाजालाही असतं. मात्र एक गोष्ट सुरुवातीपासून धरून चला. गळ्याने वाद्यांची हुबेहूब नक्कल करणं हे ध्येय नाही. गिटारसारखा आवाज हवा असेल तर गिटार घ्यावी. आवाजाचं गाणं करायचं ते त्यात शरीर ऐकू यावं म्हणून.

पहिली पायरी : हेडफोन लावून कामाच्या कानाने ऐका

संपूर्ण अल्बम एकदा सलग ऐका आणि मग पाच-सहा गाण्यांकडे परत या. प्रत्येक वेळी एकच प्रश्न घेऊन ऐकायचं : हा आवाज कोणतं काम करतो आहे?

‘शो मी फरगिव्हनेस’पासून सुरुवात करा. तिथे ब्यॉर्कचा एकटा गळा आहे, साथीला काहीही नाही. ओळ संपल्यावर जी जागा मोकळी राहते ती भरण्याचा मोह तिने आवरला आहे. त्यानंतर लगेच ‘व्हेअर इज द लाइन’ लावा. राझेलचा तोंडी ठेका, अमेरिकन रॉक गायक माइक पॅटनचा खोल गुरगुरणारा आवाज आणि आइसलँडचा गायकवृंद, सगळे एकमेकांच्या अंगावर येतात. दोन्ही गाण्यांत माल एकच, मानवी आवाज. फरक आहे तो किती आवाज घेतले आणि ते किती जवळ ठेवले याचा. ही दोन गाणी लागोपाठ ऐकली की निम्मा अभ्यास होतो.

‘वोकुरो’ हे योरुन विदर या आइसलँडच्या संगीतकाराचं गाणं. तिथे गायकवृंद भिंतीसारखा मागे उभा न राहता मुख्य गळ्याबरोबर श्वास घेतो. ‘ओल बिर्तान’ आणि ‘मिडविकुडाग्स’ ही छोटी गाणी तर मुद्दाम ऐका. एकाच बाईचे थर एकमेकांवर चढवून बांधलेली, अर्थाच्या ओझ्यातून सुटलेली ती अक्षरं आहेत. तराणा ऐकत वाढलेल्या कानाला ती परकी वाटणार नाहीत.

‘सबमरीन’मध्ये रॉबर्ट वायट या इंग्रज गायकाचा आवाज आहे. पातळ, थकलेला, कडेला किंचित थरथरणारा. व्यावसायिक गायनाच्या मोजपट्टीवर त्याला कुणी कमी गुण देईल. पण त्याच्या आवाजाचे थर एकत्र आले की पाण्याखाली असल्यासारखं वाटतं. आपल्या मित्रमंडळींतल्या ‘मला गाता येत नाही’ म्हणणाऱ्यांना हे गाणं जरूर ऐकवा.

शेवटी ‘डिझायर्ड कॉन्स्टेलेशन’. मागे जी चमचम ऐकू येते तिचं मूळ ब्यॉर्कच्याच आधीच्या अल्बममधल्या एका गायलेल्या ओळीत आहे. त्या ओळीचे बारीक तुकडे करून तो पडदा विणला आहे. म्हणजे गायलेली एक ओळ हा केवढा मोठा साठा असतो पाहा.

दुसरी पायरी : नियम आखा आणि अपवादही ठरवा

‘मेडुला’मध्ये पियानो आहे, थोडा सिंथेसायझरही आहे. ‘अँसेस्टर्स’मध्ये पियानो स्पष्ट ऐकू येतो. हे काम वाद्यं घेऊनच सुरू झालं होतं आणि पुढे ब्यॉर्कने ती एकेक करून काढून टाकली. ही कृती आपल्यालाही सरळ उचलता येते. आधी हार्मोनियम, गिटार किंवा फोनवरचं कुठलंही वाद्य घेऊन गाण्याचा कच्चा सांगाडा रेकॉर्ड करा. त्यावर आवाज चढवत जा. एक एक वाद्य बंद करून पाहा. वाद्य बंद केल्यावर गाणं कोसळलं, तर त्या जागी कोणत्या कामाचा आवाज कमी आहे ते तुम्हाला त्याच क्षणी कळतं. रिकाम्या पानावर बसून ‘आता सगळं तोंडाने करू’ म्हणण्यापेक्षा ही वाट फार सोपी आहे.

नियम कागदावर लिहून ठेवा. टाळी चालेल का? चुटकी? छातीवर मारलेली थाप? आवाज दोन सप्तकं खाली नेला तर तो अजून माणसाचा धरायचा का? माझं मत : शरीरातून निघालेलं सगळं चालावं आणि कॉम्प्युटरवर त्याचं काहीही करावं, पण सुरुवात माणसापासून व्हावी. तुमचा नियम वेगळा असू शकतो. तो काम सुरू होण्याआधी ठरलेला असला म्हणजे झालं, नाहीतर अडचण आली की प्रत्येक वेळी एखादा तयार ड्रम लूप आत शिरतो.

तिसरी पायरी : कामं वाटून द्या

गाण्यात सहसा पाच कामं असतात : मुख्य ओळ, ठेका, खर्ज, भरणा आणि अधूनमधून लक्ष वेधणारा एखादा खास आवाज. प्रत्येकासमोर लिहा की ते कोण करणार, कोणत्या अक्षरावर करणार आणि गाण्यात कधी गप्प बसणार. शेवटचा रकाना सर्वांत महत्त्वाचा आहे. वाद्यांचे पोत मुळातच वेगवेगळे असतात, त्यामुळे दहा वाद्यं एकदम वाजली तरी कान त्यांना वेगळं काढतो. दहा गळे मात्र एकाच पट्ट्यात गर्दी करतात. म्हणून कोणी कधी थांबायचं हे आधीच ठरलेलं हवं.

पट्टी ठरवताना मुख्य गायकाची सोय बघायचीच, पण खर्ज करणाऱ्याची सोयही तितकीच बघा. पुरुष गायक काळी एकमध्ये गात असेल तर त्याचा मध्य षड्ज सुमारे १३८ हर्ट्झवर आणि मंद्र षड्ज ६९ हर्ट्झच्या आसपास येतो. काळी पाचमध्ये गाणाऱ्या बाईंचा मध्य षड्ज २३३ हर्ट्झजवळ असतो. बेस गिटारची सर्वांत जाड तार ४१ हर्ट्झपर्यंत उतरते. हे अंतर कसं भरायचं ते पुढे खर्जाच्या पायरीत येईल.

चौथी पायरी : खोली आणि सामान

खोली आधी, मायक नंतर. मऊ सामानाने भरलेली छोटी खोली उत्तम. उघडलेलं कपड्यांचं कपाट, पाठीमागे दोरीवर टाकलेल्या दोन जाड गोधड्या, खाली सतरंजी. गायकाने गोधडीकडे पाठ करून उभं राहायचं, कारण मायकचं तोंड गायकाकडे असतं आणि गायकाच्या मागून परत येणारा आवाजच मायकला जास्त पकडता येतो. पंखा बंद, फ्रिजच्या भिंतीपासून लांब. शहरात राहत असाल तर रात्री उशिरा किंवा पहाटे.

मायक एकच घ्यायचा असेल तर एका दिशेने ऐकणारा, म्हणजे कार्डिऑइड प्रकारचा डायनॅमिक मायक घ्या. शुअर एसएम५८ सारखा स्टेजवरचा मायक तोंडी ठेक्यासाठी फार चांगला, कारण ओठांतून सुटणारा हवेचा झोत तो सहन करतो. हळुवार कुजबुजीसाठी कंडेन्सर मायक जास्त तपशील देतो, पण तो खोलीचाही तपशील देतो. सोबत मायक कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस, ओठांतली हवा अडवणारा पॉप फिल्टर आणि कान पूर्ण झाकणारे बंद हेडफोन. सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी किंवा बँडलॅब मोफत मिळतं. खूप ट्रॅक हाताळायचे असतील तर रीपर सोयीचं.

४८ किलोहर्ट्झ आणि २४ बिट ही सेटिंग ठेवा. गाताना सर्वांत मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील असा गेन, म्हणजे मायकच्या आवाजाची पातळी, लावा. ठेक्याच्या आवाजाची टोकं एकदम उसळतात, तिथे आणखी थोडा कमी. स्वतःचा आवाज कानात उशिरा येत असेल तर इंटरफेसवरचं डायरेक्ट मॉनिटरिंग सुरू करा, म्हणजे आवाज कॉम्प्युटरमधून न फिरता थेट हेडफोनमध्ये येतो. त्या उशिराने लयही बिघडते आणि सूरही.

पाचवी पायरी : सुराला आणि लयीला टेकू

साथीशिवाय गाणारे लोक हळूहळू खाली उतरतात, कसलेले गायकवृंदसुद्धा. म्हणून प्रत्येक टेकच्या, म्हणजे प्रत्येक वेळच्या रेकॉर्डिंगच्या, वेळी कानात तानपुरा हवा. तानपुऱ्याचं कुठलंही ॲप चालेल. लयीसाठी क्लिक, म्हणजे मेट्रोनोमची टिकटिक, ठेवा, पण आवाज अगदी कमी, नाहीतर हळुवार जागी ती हेडफोनमधून गळून मायकमध्ये शिरते आणि मग काही केल्या निघत नाही.

आता एक बारकावा, ज्यावर आवाजाच्या गाण्याची अर्धी गोडी अवलंबून असते. पेटीच्या किंवा कीबोर्डच्या पट्ट्या समान अंतरावर बसवलेल्या असतात. त्यांचा शुद्ध गंधार नैसर्गिक गंधारापेक्षा साधारण १४ सेंट चढा असतो, म्हणजे दोन शेजारच्या पट्ट्यांमधल्या अंतराच्या सातव्या हिश्श्याइतका. जुळलेल्या तानपुऱ्यातून आपोआप उमटतो तो स्वयंभू गंधार मात्र नैसर्गिक असतो. चार गळे त्या गंधारावर बसले की सुरांमधली थरथर थांबते आणि सगळं मिळून एकच मोठा आवाज झाल्यासारखं वाटतं. म्हणून थर चढवताना पेटी बंद करा, तानपुऱ्यावर जुळवा, आणि भरण्याच्या ट्रॅकवर आपोआप सूर दुरुस्त करणारं सॉफ्टवेअर लावू नका. ते प्रत्येक स्वर पेटीच्या पट्टीवर नेऊन बसवतं आणि ही जुळणी मोडतं. मुख्य गळ्यावर परिणाम म्हणून लावायचं असेल तर तो वेगळा निर्णय.

सहावी पायरी : ठेका

ठेका करताना सगळ्यात आधी ड्रमसेटमधले तीन आवाज साधा. ओठ मिटून आत दाब धरायचा आणि ‘ब्’ने सोडायचा, तो किक. जीभ दातांमागे लावून ‘त्स’, ती हाय-हॅट. घशाच्या पुढच्या बाजूने किंवा गालाच्या कडेने आत हवा ओढत ‘क्’, तो स्नेअर. जगभरचे बीटबॉक्सर, म्हणजे तोंडाने ठेका देणारे कलाकार, नवशिक्यांकडून ‘बूट्स अँड कॅट्स’ हे शब्द म्हणून घेतात, कारण त्यात हे आवाज ओळीने येतात. स्वर गाळून नुसती व्यंजनं उरेपर्यंत ते म्हणत राहायचं.

आपल्याकडे याहून श्रीमंत सामग्री आहे : पढंत, म्हणजे तबल्याचे बोल तोंडाने म्हणणं. केरवा हा आठ मात्रांचा ताल घ्या. धा गे ना ती न क धी न. नुसता म्हणून टाकला तर तो पढंतच वाटेल, आणि कधी कधी तेही हवं असतं. पण त्याचे तीन भाग करून पाहा. एका ट्रॅकवर फक्त धा, गे, धी, मायकच्या अगदी जवळून, छातीतून घुमार काढत. दुसऱ्यावर ना, ती, न, नाकातून, थोडं लांबून. तिसऱ्यावर एकटा क, कोरडा. तिन्ही एकत्र वाजवले की तबला ऐकू येत नाही, तीन माणसं ऐकू येतात. तेच हवं आहे.

मायकच्या जवळ गेल्यावर कार्डिऑइड मायक खालचे स्वर फुगवतो. किक आणि धा यांसाठी याचा पुरेपूर फायदा घ्या : चार-पाच सेंटिमीटर अंतर, मध्ये पॉप फिल्टर, तोंड किंचित तिरकं. ‘त्स’साठी वीस सेंटिमीटर मागे या.

एक आवर्तन रेकॉर्ड करून ते शंभर वेळा चिकटवू नका. किमान आठ आवर्तनं सलग करा. त्यात दम लागतो, एखादा ठोका किंचित उशिरा पडतो, श्वास घ्यायला जागा शोधावी लागते. ‘मेडुला’मधला राझेलचा ठेका यंत्रापेक्षा जिवंत वाटतो तो याच कारणाने. राझेल पूर्वी ‘द रूट्स’ या हिप-हॉप गटात होता आणि ठेका व शब्द एकाच वेळी तोंडातून काढण्याबद्दल तो प्रसिद्ध आहे. त्याच अल्बममधला डोकाका हा जपानी कलाकार अगदी वेगळ्या वळणाचा. ‘ट्रायम्फ ऑफ अ हार्ट’मध्ये दोघांना ऐका. तिथे ग्रेगरी पर्नहेगन या गायकाने तोंडाने ट्रॉम्बोनही वाजवला आहे. म्हणजे नक्कल अगदी वर्ज्य आहे असं नाही, पण त्या ट्रॉम्बोनमधला माणूस लपत नाही.

ठेक्याचा रियाज वीस मिनिटांपेक्षा जास्त सलग करू नका. ओठ आणि घसा पटकन कोरडे पडतात. कोमट पाणी जवळ ठेवा. घसा दुखायला लागला तर त्या दिवशीचं काम संपलं असं समजा. गुरगुरण्याच्या आवाजाबाबत हे दुप्पट लागू.

सातवी पायरी : खर्ज

घरगुती प्रयत्न बहुतेक वेळा इथे अडतात. गाणं पातळ वाटतं, हलकं वाटतं, आणि कारण लक्षात येत नाही. कारण साधं असतं : १०० हर्ट्झच्या खाली काहीच नसतं.

उपाय तीन आहेत. पहिला, खरा खर्ज. सकाळी उठल्या उठल्या गळा नेहमीपेक्षा खाली जातो, खर्जाचा रियाज करणाऱ्यांना हे ठाऊक आहेच. त्याच वेळी रेकॉर्ड करा, अगदी हळू आवाजात, मायकच्या जवळ. मोठ्याने खर्ज लागत नाही, आणि मायक असताना मोठ्याने लावण्याची गरजही नाही. दुसरा उपाय, गायलेली ओळ कॉम्प्युटरवर एक सप्तक खाली नेणं. काळी पाचचा मंद्र षड्ज ११६ हर्ट्झवर असतो, तो ५८ वर येतो. अशा वेळी मूळ ओळ सरळ ‘ऊ’वर गा, मींड नको, कंप नको, म्हणजे खाली नेल्यावर ती फाटत नाही. तिसरा उपाय मला सर्वांत आवडतो. खाली नेलेली ओळ आणि न बदललेली मूळ ओळ एकत्र ठेवायची, मूळ अगदी कमी आवाजात. कानाला खोली मिळते आणि माणूसही राहतो.

फोनच्या छोट्या स्पीकरमधून खालचे स्वर जवळजवळ येतच नाहीत. तिथे खर्ज कळतो तो त्याच्या वरच्या उपस्वरांमुळे. म्हणून खर्जाच्या ओळीत थोडी घरघर, थोडा खरखरीतपणा असू द्या.

आठवी पायरी : एकट्याने गायकवृंद

मागचा भरणा करताना मोह होतो तो एकच टेक सहा वेळा कॉपी करून थोडा पुढेमागे सरकवण्याचा. त्याने वृंद तयार होत नाही. आवाज पोकळ, नळीतून आल्यासारखा होतो, कारण एकच लहर स्वतःशीच भांडते. प्रत्येक थर नव्याने गायलाच हवा.

चार स्वरांचा भरणा असेल तर प्रत्येक स्वराचे चार टेक घ्या, म्हणजे सोळा ट्रॅक. प्रत्येक टेकला काहीतरी बदला. पहिला मायकपासून एक वीत अंतरावर, दुसरा हातभर, तिसरा दोन पावलं मागे, चौथा खोलीच्या कोपऱ्यात भिंतीकडे तोंड करून. एकदा हसऱ्या तोंडाने, एकदा जांभई दिल्यासारखा घसा मोकळा सोडून, एकदा बसून. लांबच्या टेकमध्ये खोली ऐकू येते आणि त्यामुळेच समोर गर्दी उभी असल्याचा भास होतो. घरात आणखी कुणी असेल तर त्यांना घ्याच. आईचा, शेजारच्या मुलाचा एकेक थर तुमच्या दहा थरांपेक्षा जास्त फरक करतो.

स्वर कोणता उच्चारायचा यावर भरणा पुढे येणार की मागे जाणार हे ठरतं. ‘ऊ’ मागे राहतो, मुख्य गळ्याला जागा देतो. ‘आ’ पुढे येतो आणि सगळी जागा घेतो. ‘ई’ धारदार आहे, जपून. मुखड्यापर्यंत ‘ऊ’ ठेवून तिथे ‘आ’ उघडला तर आवाज न वाढवताही गाणं मोठं होतं.

आपल्याकडे गाणं शिकलेल्यांसाठी एक गोष्ट ठामपणे सांगतो. भरण्यात मींड, कण, मुरकी यांना आवर घाला. गळ्याला ती सवय असते, नकळत लागतात, आणि सोळा ट्रॅकवर सोळा तऱ्हेने लागल्या की चिखल होतो. स्वर सरळ लावायचा, सरळ सोडायचा. मींड हवीच असेल तर ती कुठून कुठपर्यंत आणि किती मात्रांत हे लिहून सर्व थरांत तशीच घ्यायची. तशी एकजुटीने घेतलेली मींड मात्र फार भारी लागते. ‘ओशेनिया’मध्ये वर वर चढत जाणारे वृंदाचे आवाज ऐका. ऑगस्ट २००४ मध्ये अथेन्स ऑलिंपिकच्या उद्घाटनात ब्यॉर्कने हेच गाणं म्हटलं होतं, समुद्राच्या तोंडचं.

व्यंजनांचं गणित वेगळं. ‘स’, ‘श’, ‘च’, ‘ट’ ही अक्षरं सोळा ट्रॅकवर थोडी थोडी पुढेमागे पडली की खडखडाट होतो. ती एकाच ट्रॅकवर स्पष्ट म्हणा, बाकीच्यांत गिळा. ‘सांज’ हा शब्द असेल तर एकजण ‘सांज’ म्हणेल, उरलेले ‘आं’वर येतील आणि ‘ज’च्या आधी सोडतील. ऐकणाऱ्याला सगळेच ‘सांज’ म्हणताहेत असं वाटतं.

नववी पायरी : श्वास कापू नका

रेकॉर्डिंग शिकवणारे पहिल्याच दिवशी श्वास काढून टाकायला सांगतात. इथे उलटं करा. श्वास सहा-आठ डेसिबल खाली आणा, पण ठेवा. भरण्याच्या सोळा ट्रॅकपैकी दोन-तीन ट्रॅकवरचे श्वास राहू द्या, बाकीचे काढा, म्हणजे वादळ होणार नाही. काही ठिकाणी तर श्वासालाच ठेक्याचं काम द्या : आत ओढलेला एका मात्रेवर, सोडलेला दुसऱ्या मात्रेवर.

‘अँसेस्टर्स’मध्ये तान्या टागाकचं गाणं मुख्यतः श्वासावरच चालतं. ती कॅनडाच्या नुनावुतमधल्या केंब्रिज बे इथली. तिथल्या इनुइट या आदिवासी समाजाच्या बायकांमध्ये कटाजाक नावाचा कंठगायनाचा प्रकार आहे. दोन बाया समोरासमोर उभ्या राहतात, आत घेतलेल्या आणि सोडलेल्या श्वासावर आवाज काढत एकमेकींच्या लयीत लय गुंफतात, आणि जिला आधी हसू फुटतं ती हरते. टागाकने हा दोघींचा खेळ एकटीने गायचा स्वतःचा प्रकार घडवला.

इथे एक आग्रह. कुठल्या तरी समाजाचा गायनप्रकार व्हिडिओत पाहून त्याची ढोबळ नक्कल आपल्या गाण्यात डकवू नका. ब्यॉर्कने टागाकचा आवाज हवा म्हणून टागाकलाच बोलावलं, तीही आधी तिच्याबरोबर दौऱ्यावर गाऊन झालेली. आपल्यालाही हे जमतं. गावाकडची आजी जात्यावरच्या ओव्या म्हणत असेल आणि तो आवाज गाण्यात हवा असेल, तर तिच्यापाशी जाऊन बसा. काय करणार आहात ते समजेल अशा भाषेत सांगा, तिच्या आवाजाचे तुकडे होणार असतील तर तेही सांगा. रेकॉर्डिंग तिला ऐकवा. ती नको म्हणाली तर नको.

दहावी पायरी : आवाज मोडा, ताणा, उलटा

सगळा माल हातात आल्यावर खेळायला एक पूर्ण संध्याकाळ राखून ठेवा. ऑडॅसिटीत पॉलस्ट्रेच नावाचा इफेक्ट आहे. एका शब्दाला दहा-वीसपट ताणा, त्याचं धुकं होतं. त्यातला चांगला अर्धा मिनिट कापून गाण्याच्या तळाशी अगदी हळू ठेवा. एखादा श्वास उलटा फिरवला की ओळीच्या तोंडाशी ओढ तयार होते. ‘क्’ एक सप्तक वर नेला की टिकली वाजते, दोन सप्तकं खाली नेला की दार आपटतं. गायलेल्या एका ओळीचे अक्षराअक्षराने तुकडे करून वेगळ्या क्रमाने लावून पाहा.

‘मेडुला’वर मार्क बेल, मॅटमॉस ही जोडी आणि वाल्गेर सिगुर्दसन अशी इलेक्ट्रॉनिक संगीतातली कसलेली माणसं होती. त्यांनी केलेली मोडतोड पुष्कळ ठिकाणी कळतही नाही. माझी कसोटी एवढीच : बदललेला आवाज ऐकून ऐकणाऱ्याला स्वतःचं तोंड हलवावंसं वाटतं का? वाटत असेल तर तो ठेवा.

अकरावी पायरी : मिक्स, म्हणजे सगळे ट्रॅक एकत्र जुळवणं

सगळे गळे २०० ते ४०० हर्ट्झच्या पट्ट्यात गर्दी करतात. खर्ज आणि किक सोडून प्रत्येक ट्रॅकचा १२० हर्ट्झच्या खालचा भाग कापा. भरण्याच्या सर्व ट्रॅकचा एक गट करून त्यातून ३०० च्या आसपास दोन-तीन डेसिबल काढा. मुख्य गळ्याचे शब्द २ ते ४ किलोहर्ट्झमध्ये कळतात, तिथे भरणा थोडा दाबा. ‘स’ टोचत असेल तर डी-एसर, म्हणजे ‘स’ची धार दाबणारा इफेक्ट, ५ ते ८ किलोहर्ट्झच्या दरम्यान शोधा.

मुख्य गळा, किक आणि खर्ज मधोमध. भरणा डाव्या-उजव्या बाजूंना पसरून. रिव्हर्ब, म्हणजे जागेचा घुमार, दोनच ठेवा, एक छोट्या खोलीचा आणि एक मोठ्या सभागृहाचा. ठेका आणि मुख्य गळा जवळजवळ कोरडे राहू द्या, लांबची जागा वृंदाला द्या. सगळ्यांना सारखा रिव्हर्ब लावला की सगळे सारखेच लांब जातात आणि गाण्यात जवळचं कुणीच उरत नाही.

मग ट्रॅक बंद करायला लागा. मुखड्याला सोळा थर असतील तर पहिल्या कडव्यात चारही पुष्कळ. एखादी ओळ पूर्ण एकटी सोडा. कोणता थर काढल्यावर काहीच बिघडत नाही ते पाहा, आणि तो खरोखर काढा, कितीही मेहनतीने गायलेला असला तरी.

स्टिरिओचं मोनो करून, म्हणजे डावी-उजवी बाजू एकत्र करून ऐका, फोनवर ऐका, रिक्षात बसून ऐका. अंतिम फाइलचं टोक उणे एक डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका. एकूण पातळी उणे १४ लफ्सच्या (LUFS, ऐकू येणारा जोर मोजण्याचं एकक) आसपास असली तर स्पॉटिफायसारख्या सेवांवर ती फारशी वरखाली केली जात नाही. याहून जोरात नेण्यासाठी दाबत बसलात तर श्वास आणि शब्द एकाच उंचीवर येतात आणि इतका वेळ जपलेलं अंतर नाहीसं होतं.

प्रसिद्ध करण्याआधी नावांची यादी नीट लिहा. ‘कोरस : मित्रमंडळी’ असं नको. कोणी खर्ज दिला, कोणी धा-गे म्हटले, कोणाचा श्वास तिसऱ्या कडव्यात आहे, ते नावानिशी लिहा. गाण्यातून पैसे आले तर ते कसे वाटायचे हेही आधीच एका कागदावर घ्या. आणि मूळ ट्रॅक बाहेरच्या हार्डडिस्कवर वेगळे जपून ठेवा, कारण पुढच्या गाण्याचा तळ याच गाण्यातल्या एखाद्या ओळीत सापडण्याची शक्यता बरीच आहे.